ट्रॅक्टरचे पाणी गेले कोठे?

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी गावी गेलो होतो. आमचे गाव नाशिक जिल्ह्यात. मृग लागून चार दिवस झाले होते, एक चांगला पाऊस पडून गेला होता आणि जो तो वाफशाची वाट पाहत होता. वाफसा म्हणजे जमिनीतला ओलावा पेरणीला अगदी योग्य असण्याचे ते दोन-चार दिवस. ते चुकले की पुढचे सगळेच चुकते.

आणि नेमका त्याच वेळी दादाचा ट्रॅक्टर आजारी पडला होता. ट्रॅक्टर १९८४ सालचा, तीन सिलिंडरचा, ३५ अश्वशक्तीचा. दुखणे असे की, रोज सकाळी रेडिएटरचे झाकण उघडावे तर दीड लिटर पाणी कमी! दिवसभर काम केले की संध्याकाळपर्यंत इंजिन तापू लागे. ट्रॅक्टरखाली मात्र पाण्याचा एक थेंब दिसत नव्हता. गावातले मिस्त्री येऊन पाहून गेले होते. "भाऊ, हेडचं गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागंल," असे त्यांनी सांगितले होते. इंजिन खोलायचे म्हणजे आठ दिवस मोडले, आणि खर्च निराळा.

दादा मला म्हणाला, "तू पोरांना फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग, दीड लिटर पाणी जातं कुठं?"

प्रश्न सरळ होता. पाणी नाहीसे होत नाही. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, किंवा त्याची वाफ होते. तेव्हा दीड लिटर पाणी कोठेतरी गेलेच पाहिजे. माझी पुतणी यंदा नववीत आहे. तिला मदतनीस घेऊन मी शोधाला लागलो. त्या शोधात शाळेतल्या पुस्तकातलेच पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र कसे उपयोगी पडले, ते तुम्हांला सांगतो.

इंजिनाला पाणी कशासाठी?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या (म्हणजे पिस्टन) सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शाइतकी दाबतो. त्यामुळे हवा इतकी तापते की तीत डिझेलचा फवारा सोडताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने या तत्त्वावरचे यशस्वी इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे चालवून दाखवले. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे फारच मोठे यश होते. आजही ट्रॅक्टरच्या इंजिनात ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला मिळते.

आता थोडे गणित करू. ३५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २६ किलोवॉट. इंजिन पूर्ण ताकदीने चालताना पाण्याला दर सेकंदास साधारण २० किलोज्यूल उष्णता मिळते असे धरू. रेडिएटर आणि इंजिन मिळून १० लिटर पाणी मावते. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणून १० किलोग्रॅमला ४२. म्हणजे रेडिएटरने उष्णता बाहेर टाकली नाही, तर पाणी दर सेकंदाला जवळजवळ अर्धा अंश तापेल, आणि ३० अंशांचे पाणी अडीच मिनिटांत उकळू लागेल! ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधले वायू दोन हजार अंशांच्या घरात असतात. दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तो ६६० अंशांच्याही आत वितळतो. पाणी संपलेले इंजिन किती वेळ तग धरील, याची यावरून कल्पना येईल.

झाकण नव्हे, झडप

रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नाही. त्याच्या आत स्प्रिंगने दाबलेली रबरी चकती असते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलोग्रॅमने वाढला, की मगच ती उचलली जाते. हे कशासाठी? प्रेशर कुकर आठवा. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तेथे उघडे पाणी ९८ अंशांनाच उकळते. झाकण नीट असेल तर रेडिएटरमधले पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही.

मात्र म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. समजा, आतले पाणी १०५ अंशांवर आहे. झाकण उघडताच दाब उतरतो आणि पाण्याला ९८ अंशांवर यावे लागते. ७ अंशांची ही उष्णता कोठे जाणार? ती वाफ करण्यात खर्च होते. १० किलोग्रॅम पाण्यातून सुमारे १३० ग्रॅम वाफ एकदम तयार होते, आणि तिचे आकारमान दोनशे लिटरांहून अधिक असते. ती वाफ उकळते पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते. कित्येकांचे चेहरे आणि हात यामुळे भाजले आहेत. आम्ही जे काही केले ते इंजिन रात्रभर थंड झाल्यावर केले, हे लक्षात ठेवा.

पाण्याच्या चार वाटा

पुतणीला मी वहीत चार रकाने आखायला सांगितले. पाणी जाण्याच्या वाटा चारच. एक, तापल्यावर झाकणातून उतू जाणे. दोन, वंगणाच्या तेलात मिसळणे. तीन, सिलिंडरमध्ये शिरून धुरावाटे जाणे. चार, कोठेतरी फटीतून बाहेर पडणे. एकेक वाट तपासायची आणि पुराव्यानिशी खोडायची. उरेल ती खरी.

पहिली वाट : उतू जाणे

पाणी तापले की प्रसरण पावते. २५ अंशांवरचे १० लिटर पाणी ८५ अंशांवर गेले की पाव लिटरापेक्षा थोडे अधिक जास्त जागा मागते. दादा रोज सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरत असे. तेव्हा हे वाढलेले पाणी बाहेर पडणारच. ती गळती नव्हे. म्हणून आम्ही पाणी तोंडापासून चार बोटे खाली ठेवले, आणि झाकणाजवळून निघणाऱ्या बारीक नळीचे टोक एका बाटलीत सोडले. ट्रॅक्टर दिवसभर चालला. संध्याकाळी बाटली कोरडी होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तरीही दीड लिटरने कमी होते. पहिला रकाना खोडला.

येथे एक सांगतो. पाण्याची पातळी पाहताना ट्रॅक्टर त्याच जागी, तशाच सपाट जमिनीवर आणि थंड असताना पाहिला पाहिजे. नाहीतर आपण गळती नव्हे, जमिनीचा उतार मोजत बसू.

दुसरी वाट : तेलात

जुन्या ट्रॅक्टरच्या पुष्कळ इंजिनांत सिलिंडर म्हणजे एक सुटे नळकांडे असते. त्याला लायनर म्हणतात. त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी खेळते, आणि खालच्या टोकाला रबरी कड्या बसवून ते पाणी तेलाच्या चेंबरपासून अडवलेले असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, चिरते, आणि पाणी चेंबरमध्ये उतरते. कधी लायनरलाच सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. दट्ट्याच्या धक्क्यांनी लायनर सतत थरथरतो. त्या थरथरण्यामुळे पाण्यात क्षणभर पोकळ बुडबुडे होतात आणि लगेच मिटतात. मिटताना ते धातूवर बारीक घणासारखा घाव घालतात. कोट्यवधी घावांनी लोखंडही कोरले जाते.

पाणी तेलात गेले आहे की नाही, हे कसे ओळखावे? तेलात घुसळलेले पाणी तेलाला दुधाळ, चहासारखा रंग देते. डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. पण पाणी थोडे असेल तर रंग फसवा. म्हणून आम्ही घनतेची मदत घेतली. तेलाची घनता पाण्याच्या सुमारे ०.८८ पट असते. रात्रभर इंजिन उभे राहिले की पाणी तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरच्या तळाचा बोल्ट फक्त सैल केला आणि पहिले काही थेंब काचेच्या पेल्यात घेतले. पाणी असते तर तेच आधी आले असते. आले ते काळे तेल.

तरीही आणखी एक परीक्षा घेतली. चुलीवर तवा तापवला, तो उतरवून बाजूला घेतला आणि लांब दांड्याच्या पळीने त्यावर तेलाचा एक थेंब सोडला. (हे मोठ्या माणसाच्या हातूनच व्हावे.) तेलात पाण्याचा अंश असेल तर त्याची एकदम वाफ होऊन थेंब तडतडतो. फोडणीत ओला कढीपत्ता टाकल्यावर होते, तसेच. आमचा थेंब मुकाट्याने पसरला. दुसरा रकानाही खोडला.

तेल भरण्याच्या झाकणाखाली कधी कधी पिवळसर साय दिसते. थंडीच्या दिवसांत थोडाच वेळ चाललेल्या इंजिनात ती हवेतल्या दमटपणाने सुद्धा जमते. एवढ्या एका खुणेवरून इंजिन खोलू नये.

तिसरी वाट : सिलिंडरात

मिस्त्रींचा संशय या वाटेवर होता, आणि त्यांचा पुरावाही बिनबुडाचा नव्हता. रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू करताच पांढरा धूर निघे. सिलिंडर असलेला ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ चकती असते. ती आगीचे वायू, पाणी आणि तेल या तिघांना आपापल्या वाटेवर ठेवते. ती जळली तर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफेच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडेल.

पुतणीने स्टीलची थंड ताटली धुरासमोर दुरून धरली. तीवर पाण्याचे बारीक थेंब जमले. "काका, पाणी सापडलं!" ती ओरडली.

पण थांबा. डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. हायड्रोजन जळला की पाणी होते. हिशेब केला तर १ लिटर डिझेल जळल्यावर जवळजवळ १ लिटर पाणी तयार होते! ते एरवी वाफेच्या रूपात निघून जाते, पण थंड ताटलीवर जमणारच. म्हणजे ताटलीवरचे थेंब हा काहीच पुरावा नव्हे. निरोगी इंजिनाच्या धुरातही ते मिळतील. आणि थंड इंजिनाचा पांढरा धूर पुष्कळदा न जळलेल्या डिझेलच्या बारीक थेंबांचा असतो. त्याला उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. आमच्या धुराचे तसेच होते, आणि इंजिन तापताच तो थांबत होता.

दाब जिकडे जास्त, तिकडून

मग गॅस्केट शाबूत आहे हे कसे ठरवायचे? येथे एक साधे तत्त्व कामी येते. फट कोठेही असो, प्रवाह जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. इंजिन चालू असताना ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० ते ८० किलोग्रॅम असतो, आणि पाण्याचा जास्तीत जास्त अर्धा किलोग्रॅम. तेव्हा गॅस्केटला फट असेल, तर चालू इंजिनात पाणी सिलिंडरमध्ये शिरण्याऐवजी वायूच पाण्यात घुसतील. गरम इंजिन बंद केले की पारडे फिरते. सिलिंडरमधला दाब उतरलेला, पण रेडिएटरमधला अजून टिकून असलेला. आता पाणी सिलिंडरमध्ये झिरपेल.

तेलाचेही असेच. चालू इंजिनात वंगणाचा दाब २ ते ४ किलोग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त. म्हणून तेलाच्या आणि पाण्याच्या वाटांमध्ये चीर पडली तर चालताना रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो, आणि थांबल्यावर पाणी तेलात उतरते. लायनरच्या रबरी कड्यांजवळ मात्र तेलाला दाब नसतो. तेथून पाणी केव्हाही खालीच जाणार. एकच गळती, पण वेळ बदलली की दिशा बदलते. हे ध्यानात न घेतल्याने कित्येक वेळा चांगले मिस्त्रीही फसतात.

सिलिंडरमध्ये साचलेले पाणी फार घातकही असते. दादाच्या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ८०० घन सेंटिमीटरचा आहे. दट्ट्या वर पोचल्यावर वर उरणारी जागा ५० घन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा कप. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. अर्ध्या कपाहून जास्त पाणी साचले असताना स्टार्टर मारला, तर दट्ट्याचा दांडा वाकतो. म्हणून असा संशय असेल तर नोझल काढून इंजिन आधी हाताने फिरवून पाहतात.

चुन्याच्या निवळीची साक्ष

आता परीक्षा सरळ होती. चालू इंजिनात पाण्यामध्ये धुराचे वायू येतात का, ते पाहायचे. बुडबुडे आले की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण बुडबुडे तीन प्रकारे येऊ शकतात. वॉटर पंप एखाद्या सैल नळीतून बाहेरची हवा ओढू शकतो. पाणी तापल्याने वरची हवा बाहेर ढकलली जाऊ शकते. आणि तिसरे कारण म्हणजे गॅस्केटमधून आलेला धूर. यांतला फरक कोण सांगणार? चुन्याची निवळी! धुरात कार्बन डायऑक्साइड शेकडा काही भाग असतो. हवेत तो शेकडा ०.०४ च्या आसपास, म्हणजे नगण्य.

एका जुन्या निकामी झाकणाची आतली स्प्रिंग आणि रबरी चकती काढून टाकली. आता ते फक्त वरचे तोंड बंद करणार आणि आतला वायू बारीक नळीवाटे जाऊ देणार. नळीचे टोक निवळीच्या बाटलीत बुडवले. पंख्याचा पट्टा काढून ठेवला, म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही आणि हवा ओढणार नाही. मग थंड इंजिन सुरू केले, एक-दोनदा ॲक्सिलरेटर वाढवला, आणि दोन मिनिटांत बंद केले.

दोनच मिनिटे का? एक तर पंपावाचून इंजिन जास्त वेळ चालवणे बरे नाही. दुसरे कारण रसायनशास्त्राचे आहे. आमच्या विहिरीचे पाणी जड, म्हणजे दुष्फेन. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. असे पाणी तापवले की त्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. पाणी तापू दिले असते तर निवळी निर्दोष इंजिनाविरुद्धही साक्ष देऊन बसली असती!

सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले आणि थांबले. निवळी स्वच्छ राहिली. मग ती खरोखर काम करते ना, हे पाहण्यासाठी पुतणीने त्याच बाटलीत नळीने तोंडाने हलकेच हवा फुंकली. निवळी दुधासारखी झाली. (फुंकताना निवळी ओढू नये.) साक्षीदार खरा होता.

मिस्त्री हे सगळे बघत उभे होते. ते म्हणाले, "सर, लोड आल्यावरच गॅस्केट फुटत असंल तर?" शंका रास्त होती. नुसत्या चालू इंजिनात दाब तितका चढत नाही. म्हणून तिसरा रकाना आम्ही पुरता खोडला नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि पुढे गेलो.

चौथी वाट : बाहेर

तालुक्याच्या गॅरेजमधून एक हातपंप आणला. तो झाकणाच्या जागी बसतो आणि त्याला दाबाची तबकडी असते. थंड रेडिएटरमध्ये अर्ध्या किलोग्रॅमचा दाब भरला. फट असेल तर पाणी निघत राहील आणि काटा उतरेल. पंधरा मिनिटे झाली. काटा जागच्या जागी!

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मीही क्षणभर गोंधळलो. रेडिएटर, रबरी नळ्या, लायनरच्या कड्या, सगळे शाबूत. मग पाणी जाते कोठे? तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, आता काहीच फिरत नाहीये ना?"

अगदी बरोबर! आमची परीक्षा उभ्या इंजिनाची होती. गळती फक्त चालताना होत असेल तर ती यात सापडणारच नव्हती. पाण्याच्या वाटेवर फिरणारी वस्तू एकच : वॉटर पंप. त्याचा दांडा पाण्यातून बाहेर येतो, आणि तेथे कार्बनची कडी स्प्रिंगने एका गुळगुळीत चकतीवर दाबलेली असते. दांड्याचे बेअरिंग झिजले की तो फिरताना डगमगतो आणि कडी व चकती यांत फट पडते. थांबला की दोन्ही पृष्ठभाग पुन्हा नीट टेकतात. म्हणूनच पंपाच्या अंगाला खालून एक लहानसे भोक ठेवलेले असते. कडी गळू लागली की पाणी तेथून बाहेर येऊन आपल्याला सूचना देते.

दादाच्या ट्रॅक्टरचे ते भोक चिखल आणि ग्रीस यांखाली गाडले गेले होते. रॉकेलच्या फडक्याने पुसले, तर खाली पांढऱ्या खरपुड्या दिसल्या. जड पाणी वाळल्यावर मागे राहिलेले क्षार! पण त्या जुन्याही असू शकतील. म्हणून ती जागा कोरडी केली आणि तिच्यावर खडूची पूड लावली. पट्टा चढवला, ट्रॅक्टर अर्धा तास शेतात चालवला आणि इंजिन बंद करून पाहिले. पुडीवर भोकापासून मागे ठोकळ्याकडे गेलेला ओला पट्टा स्पष्ट उमटला होता. पंख्याची पाती हाताने हलवली तर ती पुढेमागे डुलत होती.

सेकंदाला एक थेंब

दादाचा प्रश्न अजून बाकी होता. "मग खाली थेंब का पडत नाही?"

दीड लिटर पाणी आठ तासांत जाते. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे. मिनिटाला सुमारे ३ घन सेंटिमीटर. एका घन सेंटिमीटरचे साधारण वीस थेंब धरले, तर मिनिटाला ६० थेंब, म्हणजे सेकंदाला एक थेंब. आता एवढ्या पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते? सेकंदाला ०.०५ ग्रॅम पाणी, आणि १ ग्रॅमला सुमारे २,४०० ज्यूल. गुणाकार १२० ज्यूल, म्हणजे १२० वॉट. पूर्वीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याएवढे. आणि इंजिन तर वीस हजार वॉट उष्णता पाण्याला देत असते! रेडिएटरमधून ओढलेली गरम हवा पंखा मागे ठोकळ्यावर फेकतो. प्रत्येक थेंब त्या वाऱ्याबरोबर तापलेल्या लोखंडावर जाई आणि तेथेच वाळे. ट्रॅक्टर थांबला की गळतीही थांबे. जमिनीवर दिसणार काय?

मिस्त्रींनी दुपारपर्यंत पंपाची कडी आणि बेअरिंग बदलले. काम त्यांच्या हातचे होते, आणि गॅस्केटच्या मानाने खर्च अगदी थोडा. "सर, अजून थोडे दिवस गेले असते तर पंखा रेडिएटरमध्येच घुसला असता," ते म्हणाले. पुढचे तीन दिवस दादाने पेरणी केली. भर कामानंतरही सकाळी पाणी जेथल्या तेथे. तेव्हा पुतणीने तिसऱ्या रकान्यातले प्रश्नचिन्ह खोडून टाकले.

पुष्कळ ड्रायव्हर अशा वेळी रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकतात. ती भिजून फुगते आणि बारीक फट बुजवते. घरी पोचण्यापुरता तो उपाय ठीक. पण तीच पूड रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. आणि फिरत्या दांड्याची फट काही हळदीने बुजत नाही. पाण्याऐवजी हिरवा किंवा तांबडा कूलंट भरलेला असेल तर थेंबाचा माग रंगामुळे सोपा होतो. मात्र त्यातले इथिलिन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते. सांडलेले लगेच धुवावे. गुरे आणि कुत्री ते चाटतात.

करून पाहा

१. बाटलीत रंगीत पाणी गच्च भरा. बुचातून पारदर्शक नळी बसवा आणि बाटली कोमट पाण्यात ठेवा. नळीत पाणी किती चढते ते मोजा. रेडिएटर गळ्यापर्यंत का भरू नये, ते कळेल.

२. पाण्यात थोडे खाण्याचे तेल घालून बाटली जोराने हलवा. दुधाळ रंग पाहा. रात्रभर ठेवून सकाळी तळाशी काय आहे ते पाहा.

३. बारीक तडा गेलेला चिनी मातीचा कप घ्या. तड्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली रॉकेल लावा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. केशाकर्षणाने तड्यातले रॉकेल पुडीत चढते आणि डोळ्यांना न दिसणारा तडा रेघेसारखा उमटतो. इंजिनाच्या हेडमधल्या चिरा शोधायची ही जुनी, खात्रीची रीत आहे.

इंजिन खोलणे हा शोधाचा शेवटचा टप्पा असावा, पहिला नव्हे. आधी प्रश्न नीट मांडावा, मग एकेक वाट पुराव्याने बंद करावी. आणि आपली परीक्षा काय दाखवू शकत नाही, हेही स्वतःला विचारावे. आमच्या घरी तो प्रश्न नववीतल्या मुलीने विचारला, आणि पेरणी वाफशावर झाली.